विश्लेषण : ‘थ्रॉटल कंट्रोलर’ने गाडीचा पिकअप खरेच वाढतो का?

स्पोर्ट्स कार घेतली, इंजिन दमदार आहे, पण पाय ठेवल्याबरोबर गाडी उसळत नाही, अशी तक्रार जगभरातले मालक करतात. त्यावर उपाय म्हणून पत्त्यांच्या कॅटएवढे एक खोके बाजारात मिळते. पेडल आणि गाडीचा संगणक यांच्यामधल्या वायरीत ते जोडायचे, दहा-पंधरा मिनिटांचे काम, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा बहुतेक वेळा लागत नाही. परदेशात त्याची किंमत साधारण २०० ते ३५० डॉलर. ग्रीसमध्ये जन्मलेला ‘स्प्रिंट बूस्टर’, जर्मनीच्या डीटीई सिस्टीम्सचा ‘पेडलबॉक्स’, ‘पेडल कमांडर’ ही त्यातली परिचित नावे. बसवणारा शपथेवर सांगतो की गाडी बदलली. इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर मात्र एक अश्वशक्तीही वाढलेली दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. त्या कशा, हे कळण्यासाठी पेडलपासून सुरुवात करावी लागते.

पेडल आणि इंजिन यांच्यातली तार कुठे गेली?

जुन्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला एक पोलादी तार असे. गॅरेजात तिला ‘रेस केबल’ म्हणतात. पाय दाबला की तार ओढली जाई आणि इंजिनाच्या हवेच्या वाटेवरची गोल झडप, म्हणजे थ्रॉटल, तेवढी फिरे. पायाची हालचाल आणि झडपेची हालचाल यांच्यामध्ये दुसरे कोणी नव्हते. तरीही हा संबंध अगदी सरळ होता असे नाही. तार ज्या चाकावर गुंडाळली जाई त्याचा आकार गोल न ठेवता थोडा लंबगोल केला, की सुरुवातीला झडप हळू उघडे आणि नंतर भराभर. शर्यतीच्या गाड्या बांधणारे लोक हे चाक बदलून पायाचा ‘स्वभाव’ बदलत. म्हणजे आजच्या खोक्याचा आजोबा लोखंडी होता.

तार जाण्याची सुरुवात १९८०च्या दशकात झाली. १९८७ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या ७५० गाडीत पेडलवर फक्त सेन्सर होता आणि झडप विजेच्या मोटरने फिरत होती. १९९७ साली शेव्हरलेने पाचव्या पिढीची कॉर्व्हेट आणली, तीही बिनतारेची. दशक संपता संपता पोर्श ९११ सुद्धा याच वाटेने गेली. आज रस्त्यावर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या मोटारीत, मग ती फेरारी असो की टॅक्सीत धावणारी सेडान, हीच व्यवस्था आहे.

यामागे खर्च वाचवण्यापेक्षा मोठी कारणे होती. चाके घसरू लागली तर इंजिनाचा जोर आपोआप कमी करणे, क्रूझ कंट्रोल, एसी सुरू झाल्यावर इंजिन बंद पडू न देणे, धुराचे कडक नियम पाळणे ही सगळी कामे झडप संगणकाच्या हाती असली तरच नीट होतात. चालकाच्या पायाने उघडलेली झडप संगणकाला बंद करता येत नव्हती. आता येते.

मग पेडल दाबल्यावर नेमके काय होते?

पेडलच्या बुंध्याशी एकाऐवजी दोन सेन्सर असतात. बहुतेक गाड्यांत त्यांना पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि पाय दाबत जाऊ तसे दोन्हींचे व्होल्ट वाढत जातात, पण वेगवेगळ्या प्रमाणात. अनेक गाड्यांत एकाचे मूल्य दुसऱ्याच्या निम्मे असते. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, दोन्हींची तुलना सतत करत राहतो. हिशेब जुळला नाही तर तो कोणावरही विश्वास ठेवत नाही, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि गाडीला ‘लिम्प मोड’मध्ये ढकलतो. गाडी मग गॅरेजपर्यंत रखडत जाईल एवढीच चालते.

हिशेब जुळला तरी संगणक झडप लगेच तेवढी उघडत नाही, आणि सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉशच्या ‘मोट्रॉनिक एमई ७’सारख्या प्रणाल्या आल्या. त्यांच्यात पेडल हा झडपेला दिलेला हुकूम राहिला नाही, तो संगणकाकडे केलेला मागणीअर्ज झाला. पाय अमुक टक्के दाबला आहे, इंजिन अमुक फेऱ्यांवर फिरते आहे, म्हणजे चालकाला एवढा टॉर्क हवा असावा, असा अंदाज आधी बांधला जातो. त्यावर गिअरबॉक्स, ब्रेकप्रणाली, इंजिनाचे तापमान यांच्या हरकती ऐकल्या जातात. मग मंजूर झालेला टॉर्क किती झपाट्याने वाढवायचा ते ठरते आणि शेवटी झडप फिरते. हे सारे सेकंदाच्या छोट्या अंशात होते, पण ज्याचा पाय तारेच्या गाडीवर तयार झाला आहे त्याला तो अंश जाणवतो.

कंपन्या मुद्दाम गाडी ‘मऊ’ ठेवतात का?

हो, मुद्दामच. पाय दाबताक्षणी इंजिनाचा पूर्ण झटका चाकांपर्यंत पोहोचला तर गिअरच्या दातांमधली फट, इंजिनाखालचे रबरी पाये, शाफ्ट हे सगळे एकदम ताणले जाते आणि गाडी हिसका देते. शहरातल्या मुंगीच्या चालीत हा हिसका दर दहा फुटांवर बसेल. शिवाय झडप अचानक उघडली की हवा चटकन आत जाते, इंधनाचे प्रमाण जुळायला मात्र थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात धूर बिघडतो. पाय काढल्यावर इंजिनाच्या फेऱ्या लगेच न उतरता थोडा वेळ वर रेंगाळतात, हा मॅन्युअल गिअरच्या अलीकडच्या गाड्यांतला चीड आणणारा प्रकारही बराचसा याच हिशेबातून येतो.

पण सगळ्याच गाड्या मऊ असतात असे समजण्याचे कारण नाही. उलटी चलाखीही चालते. बेताच्या इंजिनाच्या गाडीत पेडलच्या पहिल्या पाव भागातच झडप बरीच उघडी करून ठेवली, की टेस्ट ड्राइव्हला आलेला ग्राहक खूश होतो. ‘काय पिकअप आहे!’ म्हणून चेक फाडतो. पुढचा पाऊण पेडल दाबून फारसे काही मिळत नाही, हे त्याला महिन्याभराने हायवेवर ओव्हरटेक करताना कळते. थ्रॉटल कंट्रोलर विकणारे जे करतात ते काही कारखान्यांनी आधीच करून ठेवलेले असते.

खोके नेमके काय करते?

ते संगणकाशी खोटे बोलते. पेडलच्या सेन्सरचा कनेक्टर काढून खोके मध्ये जोडले जाते. सेन्सर सांगतो, ‘पाय वीस टक्के दाबला.’ खोके ते ऐकते, पुढे संगणकाला सांगते, ‘छत्तीस टक्के.’ दोन सेन्सरांचे प्रमाण ते नीट सांभाळते, त्यामुळे संगणकाला संशय येत नाही.

छत्तीस हा आकडा समजावण्यापुरता एका साध्या वक्राचा घेतला आहे. त्याच वक्रावर पन्नास टक्के पाय पंचाहत्तर टक्के म्हणून पोहोचतो. आणि शंभर टक्के? शंभर टक्केच. त्यापुढे जागाच नाही. म्हणजे पायाच्या पहिल्या अर्ध्या प्रवासात तीन चतुर्थांश मागणी उरकली आणि उरलेल्या अर्ध्या प्रवासाला एक चतुर्थांशच शिल्लक राहिली. खोके कुठूनही नवे काही आणत नाही, पेडलच्या शेवटाकडची बारकाई काढून सुरुवातीला देते. खोक्यावरच्या बटणाने हा वक्र किती फुगवायचा ते ठरते. ‘पेडल कमांडर’मध्ये इको, सिटी, स्पोर्ट आणि स्पोर्ट प्लस असे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकात आणखी कमी-जास्त करण्याची सोय आहे. इकोत वक्र उलटा वाकतो, म्हणजे पाय दाबावा त्यापेक्षा कमी मागणी पुढे जाते.

यात आणखी एक गंमत आहे. थ्रॉटलची गोल झडप उघडते तेव्हा हवेचा प्रवाह सरळ प्रमाणात वाढत नाही. इंजिन कमी फेऱ्यांवर असेल तर झडप तीस-चाळीस टक्के उघडताच इंजिनाला त्या फेऱ्यांवर ओढता येईल तेवढी बहुतेक हवा मिळून जाते. पुढे झडप कितीही उघडली तरी फरक थोडाच. त्यामुळे सिग्नलवरून निघताना खोक्याचा परिणाम सर्वात ठळक जाणवतो. ग्राहक खोके बसवून पहिला फेरफटका मारतो तोही गल्लीतल्या सिग्नलपर्यंतच.

मग गाडी वेगवान होते की नाही?

होत नाही. पुण्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. अशा शर्यतीत चालक हिरवा दिवा लागताच पाय तळाला टेकवतो आणि रेषा ओलांडेपर्यंत तिथेच ठेवतो. तिथे सेन्सर शंभर म्हणतो आणि खोकेही शंभर म्हणते. झडप, इंधन, बूस्ट, इंजिनाचा टॉर्क यांपैकी कशातही फरक नाही. पाय तळाला न्यायला जो सेकंदाचा अंश लागतो, त्यात एखादी बारीक कड मिळाली तर तेवढीच.

टर्बो गाडीतली दिरंगाई ही तर वेगळीच बाब. तिथे झडप उघडी असते, पण टर्बोचे चाक अजून वेगात आलेले नसते. त्याला फिरवायला पुरेसा धूर हवा आणि तो तयार व्हायला वेळ लागतो. खोके टर्बोच्या चाकाला ढकलू शकत नाही. अर्धा पाय दाबून चालवणाऱ्याला खोक्यामुळे बूस्ट लवकर आल्यासारखा वाटतो, कारण त्याने नकळत जास्त मागणी केलेली असते. तोच पाय त्याने आणखी इंचभर दाबला असता तरी तेच झाले असते, आणि तेही फुकट.

टॉर्क किती झपाट्याने वाढवायचा याचा जो लगाम संगणकाच्या आत आहे, त्यालाही खोक्याचा हात लागत नाही. तो सैल करायचा तर ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलावे लागते, ज्याला रिमॅप म्हणतात. रिमॅपमध्ये पेडलचा वक्र, टॉर्कच्या मर्यादा, टर्बोचा दाब सगळेच बदलता येते आणि अश्वशक्ती खरोखर वाढते. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सवरचा भारही तेवढाच वाढतो. एकाच गॅरेजात दोन्ही वस्तू विकल्या जातात, त्यामुळे ग्राहक त्यांची गल्लत करतो आणि विक्रेत्याला ती दूर करण्याची फारशी घाई नसते.

तरीही मालक समाधानी का असतात?

कारण चालवणे म्हणजे फक्त स्टॉपवॉच नव्हे. रोजच्या वाहतुकीत पाय तळाला क्वचितच टेकतो. पेडलच्या पहिल्या तिसऱ्या भागात गाडी तत्पर वाटली की चालकाला ती हलकी आणि जिवंत वाटते. हा अनुभव खोटा नाही. मोटार कंपन्याही तो विकतात. २००० साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम ३ मध्ये ‘स्पोर्ट’ नावाचे बटण होते. ते दाबले की इंजिनाची ताकद तेवढीच राही, फक्त पेडल तिखट होई. पोर्शने ‘स्पोर्ट क्रोनो’ पॅकेजमध्ये अशी सोय ठेवली. आता तर लहान हॅचबॅकमध्येही स्पोर्ट आणि इकोची बटणे आली आहेत. ज्यांच्या गाडीत असे बटण नाही, किंवा आहे पण अळणी आहे, त्यांना खोके उपयोगी वाटते यात नवल नाही.

ऑटोमॅटिक गाडीत फरक आणखी ठळक असतो. गिअरबॉक्सचा संगणक पेडलचा आकडा पाहूनच गिअर कधी बदलायचा ते ठरवतो. त्याला छत्तीस टक्के दिसले की तो वरचा गिअर टाकायला उशीर करतो आणि खालचा गिअर लवकर घालतो. इंजिन वरच्या फेऱ्यांवर राहते, आवाज वाढतो, गाडी खरोखर जोरात निघते. पेट्रोलही त्या हिशेबाने जळते. क्रूझ कंट्रोलवर मात्र काहीच परिणाम होत नाही, कारण तिथे वेगाची मागणी पेडलकडून येतच नाही.

धोका कुठे आहे?

सगळ्यात आधी वळणावर. मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी वळणात असते तेव्हा चालक पेडलने इंजिनाचा जोरच नव्हे, गाडीचा तोलही सांभाळत असतो. तिथे दोन-तीन मिलिमीटरच्या पायाला अर्थ असतो. खोक्याने तोच पाय जवळजवळ दुप्पट करून सांगितला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके सुटू शकतात. घाबरून पाय एकदम काढला तर जोर तितकाच एकदम तुटतो, वजन पुढे जाते आणि गाडीचा मागचा भाग आणखी हलका होतो. जुलै महिन्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटात तीव्र पेडल हे कौतुकाचे काम नव्हे. ट्रॅक्शन कंट्रोल बरेचसे सावरते, पण तेही घसरणे सुरू झाल्यावर. सर्किटवर गाडी चालवणारे अनेक अनुभवी चालक याच कारणाने सरळ, अंदाज येणारे पेडल पसंत करतात. खोक्याच्या ‘इको’ प्रकाराला हसणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की पावसाळ्यात किंवा खडकाळ वाटेवर हिसक्याने पाय हलतो तेव्हा तोच प्रकार सर्वात कामाचा ठरतो.

दुसरा धोका दिसत नाही. पेडलवर दोन सेन्सर ठेवले आहेत ते दोन स्वतंत्र साक्षीदार म्हणून. एकाने चुकीचे सांगितले तर दुसऱ्याच्या जबानीवरून ते उघडे पडावे. खोके मध्ये आले की दोन्ही जबान्या एकच कारकून लिहितो. त्याच्यात बिघाड झाला आणि त्याने दोन्ही ओळी चुकीच्या पण एकमेकांशी जुळणाऱ्या लिहिल्या, तर ईसीयूला ते पकडता येणे अवघड. चांगल्या उत्पादकांनी यासाठी काही तजवीज केलेली असते. बाजारात मिळणारी नक्कल कोणत्या टेबलावर जोडली गेली, हे मात्र बाहेरून कळत नाही. मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेसाठी २०११ साली आयएसओ २६२६२ हे मानक आले, तेव्हापासून मोठ्या कंपन्या अशा प्रत्येक बिघाडाचा कागदोपत्री विचार करतात. हौशी बाजारातल्या सुट्या वस्तूवर तसे बंधन नाही. सैल कनेक्टरमुळे भर रस्त्यात गाडी लिम्प मोडमध्ये जाणे हा त्यातला सौम्य प्रकार झाला.

पेडलच्या सेन्सरला एवढे महत्त्व का, हे टोयोटाच्या प्रकरणात जगाने पाहिले आहे. गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनंतर २००९-१० मध्ये कंपनीने लाखो गाड्या परत बोलावल्या. पेडलमध्ये अडकणारी पायपुसणी आणि चिकटणारी पेडले ही कारणे पुढे आली. अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांना इलेक्ट्रॉनिक्स तपासायला सांगितले. २०११च्या अहवालात त्यांना अपघाती वेगवाढीला जबाबदार असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही, पण पेडलच्या सेन्सरात कथिलाचे केसासारखे तंतू वाढून दोन संकेत एकमेकांना जोडले जाऊ शकतात, हे त्यांनी नोंदवले. इतका बारीक शोध एका पेडलसाठी घेतला गेला. त्यानंतर ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले तर ब्रेकचे ऐकायचे, ही सोय सर्रास आली. खोके बसवल्यावरही ती काम करते, कारण ती ईसीयूत असते.

कायदा आणि वॉरंटीचे काय?

अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. कॅलिफोर्नियात मात्र धुरावर परिणाम करू शकणाऱ्या सुट्या भागांना हवा मंडळाची सूट घ्यावी लागते. जर्मनीत गाडीत बदल केला आणि त्याचे मान्य प्रमाणपत्र नसेल तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच धोक्यात येतो, म्हणून तिथला ग्राहक वस्तूबरोबर कागद मागतो.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ फेरबदलांबद्दल आहे. नोंदणीपत्रातले तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पेडलच्या वायरीतले खोके नोंदणीपत्रातला इंजिन क्रमांक, इंधन, रंग किंवा आसने यांपैकी काहीही बदलत नाही. त्यामुळे कर्कश सायलेन्सरसारखे ते रस्त्यावर पकडले जाण्याची शक्यता कमी. पण पकडले न जाणे आणि परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी अनेक मालक हे खोके दोन मिनिटांत काढून डिकीत टाकतात. ते ईसीयूच्या सॉफ्टवेअरला हात लावत नसल्याने, एखादा फॉल्ट कोड नोंदला गेला नसेल तर, मागे सहसा खूण उरत नाही. विम्याच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. पॉलिसी घेताना गाडीतले बदल कळवायचे असतात, आणि अपघातानंतर सर्व्हेयर गाडी पाहायला येतो तेव्हा खोके पेडलच्या वर, वायरीला लटकलेलेच असते.